गोळी मोठी, वेळ चुकीची

प्रश्न : माझं वय ३६. शाळेत शिकवते, त्यामुळे सकाळी सहाला उठण्यावाचून गत्यंतर नाही. रात्री साडेदहाला दिवे मालवून पडते आणि दीड-दोनपर्यंत कूस बदलत राहते. गंमत म्हणजे सुट्टीत दोनला झोपले तर दहापर्यंत ढाराढूर झोपते, मधे जागही येत नाही. परदेशातून आलेल्या मैत्रिणीने मेलाटोनिनची बाटली दिली, १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची. "औषध नाही गं, नैसर्गिक आहे, शरीरातच तयार होतं," म्हणाली. बारा-साडेबारापर्यंत वाट बघते, झोप नाहीच आली तर उठून एक घेते. सुरुवातीला बरं वाटलं. मग फरक पडेना म्हणून दोन घ्यायला लागले. आता झोप पूर्वीसारखीच उशिरा येते, वर सकाळी डोकं जड आणि रात्री चित्रविचित्र स्वप्नं. तिसरी गोळी घेऊन बघू का? याची सवय लागते का? शरीर स्वतःचं मेलाटोनिन बनवायचं थांबवेल का? सासूबाई ७० वर्षांच्या आहेत, रोज पहाटे तीनला उठून बसतात, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना एखादी दिली तर? आणि हेच मेलाटोनिन मुलांसाठी गोड चघळगोळ्यांतही मिळतं म्हणे. माझा नऊ वर्षांचा मुलगाही रात्री लवकर झोपत नाही.
— रात्रपाळी नसताना जागी

उत्तर : तिसरी गोळी नको. दुसरीही आजपासून बंद करा, आणि खरं तर पहिलीसुद्धा, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत. झोपेच्या नेहमीच्या गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास होऊ शकतो, तसा धोका मेलाटोनिन सोडताना नसतो. त्यामुळे एकदम थांबवलंत तरी चालेल.

तुमच्या पत्रातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही "गंमत म्हणजे" असं म्हणून जाता जाता लिहिलंय. सुट्टीत दोनला झोपता आणि दहापर्यंत सलग झोपता. म्हणजे आठ तास, न तुटता. ज्याची झोपच बिघडली आहे त्याला हे सहसा जमत नाही. तुमची झोप ठणठणीत आहे, ती फक्त साडेतीन तास उशिरा येते. साडेदहाला पडून तुम्ही जो वेळ तळमळत काढता, तो तुमच्या शरीराच्या हिशेबाने अजून संध्याकाळचाच वेळ आहे. डॉक्टरांच्या भाषेत याला विलंबित निद्राचक्र म्हणतात आणि निद्रानाशाहून ते वेगळं प्रकरण आहे. पत्रावरून निदान करू नये हे मला कळतं. पण तुम्ही लिहिलेलं सगळं याच दिशेला बोट दाखवतंय, आणि मेलाटोनिनचं खरं काम नेमकं इथेच आहे. फक्त तुम्ही ते घेताय त्याच्या जवळजवळ उलट पद्धतीने घ्यावं लागतं.

त्यासाठी हा पदार्थ करतो काय ते आधी पाहू. मेलाटोनिन सापडलं तेही झोपेचा शोध घेताना नव्हे. ॲरन लर्नर हे येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ. गाईबैलांच्या मेंदूतल्या पीनिअल ग्रंथीच्या अर्काने बेडकाची त्वचा फिकी पडते, हे आधीपासून ठाऊक होतं. त्या अर्कातला नेमका कोणता पदार्थ हे करतो ते शोधता शोधता १९५८ साली त्यांनी मेलाटोनिन वेगळं काढलं. कोडासारख्या त्वचाविकारांवर काही उपयोग होईल अशी त्यांना आशा होती. ती फळाला आली नाही. झोपेशी असलेलं नातं पुढे उलगडत गेलं, आणि तेही लोक समजतात तसं सरळ नाही. उंदीर रात्रभर हुंदडतो, पण मेलाटोनिन त्याच्याही रक्तात रात्रीच वाढतं. ते झोपवणारं रसायन असतं तर उंदीर दिवसा पाझरवत बसला असता. मेलाटोनिन शरीराला एवढंच सांगतं की अंधार पडला, रात्र सुरू झाली. त्या निरोपाचं काय करायचं ते ज्याचं त्याचं शरीर ठरवतं. माणसाचं शरीर झोपेच्या तयारीला लागतं, उंदीर कामाला लागतो.

गिरणीच्या भोंग्याचं उदाहरण घ्या. भोंगा वाजला की पाळी बदलायची हे सगळ्यांना कळतं, पण भोंगा स्वतः यंत्र बंद करत नाही. तो दुप्पट मोठ्याने वाजवला म्हणून पाळी लवकर संपत नाही. लवकर संपवायची असेल तर लवकर वाजवावा लागतो. तुम्ही आवाज वाढवत राहिलात, वेळ मात्र मध्यरात्रीनंतरचीच ठेवलीत.

आता हा निरोप निघतो कुठून? मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. शरीराचं मुख्य घड्याळ ते. हे घड्याळ नेमकं चोवीस तासांचं नसतं. माणसांत त्याची फेरी सरासरी २४ तास आणि वर साधारण ११ मिनिटांची असते, म्हणजे त्याचा कल मुळातच रोज थोडं उशिरा सरकण्याकडे असतो. काहींचं घड्याळ याहून लांब फेरीचं असतं, आणि "मी मुळातच रात्रीची माणूस" म्हणणाऱ्यांपैकी काही जण त्यातले असतात. तो आळस नव्हे. रोज सकाळी प्रकाश हे घड्याळ ओढून जागेवर आणतो. डोळ्याच्या पडद्यावर काही खास पेशी आहेत, त्यांचा पाहण्याशी फारसा संबंध नाही. उजेड किती आहे एवढंच त्या घड्याळाला कळवतात आणि निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. अंधार पडला की घड्याळ पीनिअल ग्रंथीला मोकळीक देतं, ती सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनापासून मेलाटोनिन बनवते आणि नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी रक्तातली पातळी चढू लागते. तुमच्या बाबतीत ती चढायला लागत असेल बाराच्या सुमाराला.

तुम्ही गोळी घेता तीही बारा-साडेबाराला. म्हणजे शरीर स्वतःच निरोप धाडायला लागलंय, त्याच क्षणी तुम्ही त्यावर आणखी एक ओतताय. त्यातून घड्याळाला नवी माहिती काही मिळत नाही.

आणि ओतताय तरी किती! रात्रभरात शरीर स्वतः जे मेलाटोनिन बनवतं ते मिलिग्रॅमच्या काही शतांशाएवढं असतं. तोंडाने घेतलेल्या गोळीतलं बरंचसं यकृतातच संपतं, रक्तापर्यंत सरासरी सहावा-सातवा हिस्सा पोचतो आणि तोही माणसागणिक खूप बदलतो, हे धरूनसुद्धा ०.३ मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तातली पातळी नैसर्गिक रात्रीइतकी होते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड वुर्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे दाखवलं होतं. तरीही बाजारात ३, ५, १० मिलिग्रॅमच्या बाटल्यांचीच चलती राहिली, कारण मोठा आकडा म्हणजे जास्त गुण हा समज खपवायला सोपा. तुम्ही २० मिलिग्रॅमवर पोचला आहात. साध्या गोळीतलं मेलाटोनिन साधारण पाऊण तासात निम्मं होतं, त्यामुळे छोटा डोस दोन-तीन तासांत आवरतो. मोठा डोस मात्र निम्मा-निम्मा होत सकाळपर्यंत रेंगाळतो. तुमचं जड डोकं आणि ती चित्रविचित्र स्वप्नं बहुधा त्याचीच. शिवाय सकाळच्या वेळी शरीरात मेलाटोनिन असलं तर घड्याळ उलट आणखी उशिराच्या बाजूला सरकू शकतं. गोळी घेऊन झोप आणखी लांबवणं, असा हा उद्योग होण्याची शक्यता आहे.

सुरुवातीला बरं का वाटलं, असं तुम्ही विचाराल. थोडी गुंगी मेलाटोनिन आणतंच, शरीराचं तापमान किंचित उतरवतं. त्यात नव्या गोळीवरचा विश्वास मिळाला की काही रात्री बऱ्या जातात. नवलाई ओसरली की उरतो तो मूळचा, बेताचा परिणाम. तो किती बेताचा? निद्रानाशासारख्या झोपेच्या तक्रारी असलेल्यांवरचे बरेच प्रयोग एकत्र करून २०१३ मध्ये हिशेब मांडला गेला. झोप लागायला लागणारा वेळ सरासरी सात मिनिटांनी कमी झाला, एकूण झोप आठेक मिनिटांनी वाढली. निद्राविकारांवर काम करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञ-संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात निद्रानाशासाठी मेलाटोनिन वापरू नये असंच सुचवलं, तेही पुरावा कच्चा आहे हे मान्य करून. पण घड्याळच चुकीच्या वेळेला लागलेलं असतं तिथे चित्र बदलतं. विमानाने पाच-सहा वेळपट्टे ओलांडून जाणाऱ्यांना तिथल्या झोपेच्या वेळी घेतलेलं मेलाटोनिन खरोखर उपयोगी पडतं, आणि २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) अर्धा मिलिग्रॅमपासून पाच मिलिग्रॅमपर्यंत गुण दिसला, पाचच्या वर नेऊन जास्त फायदा दिसला नाही. ज्यांना प्रकाशाची जाणीवच होत नाही अशा काही अंध व्यक्तींचं घड्याळ रोज पुढे-पुढे सरकत राहतं, त्यांना तर हा मोठाच आधार आहे.

तुमच्यासारख्यांवरचा ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, ११६ जणांवरचा. निम्म्यांना अर्धा मिलिग्रॅम मेलाटोनिन, निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी. घ्यायची ती हव्या असलेल्या झोपेच्या वेळेआधी तासभर, आणि दोन्ही गटांनी ठरलेल्या वेळी अंथरुणावर जायचं. महिन्याभरात मेलाटोनिनवाले दुसऱ्या गटाहून सरासरी ३४ मिनिटं लवकर झोपू लागले. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे तुमच्या सध्याच्या डोसचा चाळिसावा भाग. आणि ३४ मिनिटं हा आकडाही डोळे उघडे ठेवून वाचा. साडेतीन तासांची दरी एकटी गोळी बुजवणार नाही.

म्हणून गोळीपेक्षा मोठी गोष्ट, प्रकाश. यावर जरा थांबून लिहिते, कारण लोक इथे अर्धंच ऐकतात. १९८० मध्ये ॲल्फ्रेड ल्यूई यांच्या गटाने दाखवलं की खूप प्रखर, २५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रकाशात माणसाचं मेलाटोनिन दबतं. त्याआधी घरातल्या साध्या दिव्यांनी माणसावर परिणाम दिसत नव्हता, म्हणून बराच काळ समज असा की घरातला उजेड निरुपद्रवी. २०११ साली बॉस्टनच्या संशोधकांनी झोपेआधीचे आठ तास लोकांना खोलीच्या साध्या, २०० लक्सच्या आतल्या उजेडात ठेवून पाहिलं आणि अगदी मंद प्रकाशाशी तुलना केली. साध्या उजेडातही मेलाटोनिन उशिरा सुरू झालं आणि त्याचा कालावधी सुमारे दीड तासाने आखडला. फोनच्या पडद्याला सगळे शिव्या घालतात, पण डोक्यावर लखलखणाऱ्या पांढऱ्या दिव्याखाली रात्री अकरापर्यंत वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेने आधी तो दिवा बघावा. रात्री नऊनंतर छताचे दिवे बंद करा, पिवळसर आणि डोळ्यांच्या पातळीखालचा एखादा दिवा ठेवा. वह्या संध्याकाळी तपासता आल्या तर उत्तम. फोनबद्दल माझं मत असं, की त्यातल्या निळ्या प्रकाशापेक्षा त्यातला मजकूर जास्त जागवतो. पडदा पिवळा करून भांडणं वाचत बसलात तर काय उपयोग?

सकाळच्या प्रकाशात एक खाच आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं ते मनाजोगं झोपून उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास. त्या बिंदूनंतर मिळालेला उजेड घड्याळाला लवकरच्या बाजूला ओढतो, आधी मिळालेला मात्र उशिराच्या बाजूला ढकलतो. तुम्ही मोकळ्या दिवशी दहाला उठता, म्हणजे तुमचा हा बिंदू सात-साडेसातच्या आसपास असावा. तेव्हा उत्साहाने पहाटे सहाला उन्हात उभं राहिलात तर सुरुवातीला फळ उलटं मिळण्याचा संभव आहे. सध्या शाळेच्या दिवशी आठनंतरचं ऊन पकडा. मधल्या सुट्टीत मैदानावर वीस-तीस मिनिटं चाला. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात, दिवे लावलेल्या खोलीत जेमतेम शंभर ते तीनशे. झोप अलीकडे येऊ लागली की उन्हाची वेळही अलीकडे आणा.

आणि सुट्टीतली दहाची झोप सोडावी लागेल. वाईट वाटतंय मला, कारण सध्या तुमची खरी झोप तीच आहे. पण दर आठवड्याअखेर दहापर्यंत झोपलात की घड्याळ पुन्हा होतं तिथे जातं आणि सोमवारी सगळं पहिल्यापासून. एकदम सहा नको. पहिल्या सुट्टीत नऊ, मग साडेआठ, मग आठ, आणि उठल्या उठल्या बाहेर उजेडात. तुम्हाला शाळेच्या मोठ्या सुट्टीची सोय आहे, ती या कामासाठी वापरा. सलग तीन आठवडे हातात असताना घड्याळ हलवणं, सहाच्या गजराशी झगडत हलवण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं.

साडेदहाला पडणंही बंद करा. हे ऐकून तुम्ही दचकाल. रोज तीन तास अंथरुणावर जागं पडून राहिलं की अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा असं मनात बसतं, आणि मग घड्याळ सुधारलं तरी ती सवय पाठ सोडत नाही. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला उपाय आजही निद्रानाशाच्या वर्तनोपचारात पायाचा दगड मानला जातो : डोळे मिटायला लागल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, बराच वेळ झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, आणि अंथरूण झोपेव्यतिरिक्त बसण्या-वाचण्यासाठी वापरायचं नाही. तुम्ही सध्या साडेबाराला पडा. पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागायला लागली की अर्धा तास अलीकडे या. पुन्हा थांबा, पुन्हा अर्धा तास. मधल्या काळात दिवसा पेंग येईल, तेव्हा गाडी चालवताना सांभाळा. दुपारची लांब डुलकी घेऊ नका, नाहीतर रात्रीची भूक दुपारीच भागेल.

हे दोन-तीन आठवडे मनापासून करून पाहा. मग डॉक्टरांशी बोलून मेलाटोनिन जोडायचं झालं तर अर्धा मिलिग्रॅम, साधी गोळी, रात्री साडेनऊला, रोज त्याच वेळी, मंद उजेडात. गोळी घेऊन लखलखाटात बसणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. घेतल्यावर वाहन चालवायचं नाही. हातातल्या १० मिलिग्रॅमच्या गोळीचे वीस तुकडे करण्याच्या फंदात पडू नका, जमणार नाही.

शिवाय त्या गोळीत १० मिलिग्रॅम आहे हे कशावरून? कॅनडातल्या संशोधकांनी ३१ उत्पादनं तपासली, २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन निघालं, आणि आठ उत्पादनांत चक्क सेरोटोनिनही सापडलं, ज्याचा लेबलवर उल्लेख नव्हता. हे घडतं कारण अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने असे पदार्थ पूरक आहारात मोडतात, औषधाला लागणारी कडक तपासणी त्यांना लागत नाही. ब्रिटनमध्ये हेच मेलाटोनिन डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही. मैत्रीण म्हणते ते "औषध नाही गं" एका देशाच्या कायद्यापुरतं खरं, तुमच्या यकृताला ते लागू होत नाही. नैसर्गिक म्हणाल तर बाटलीतलं मेलाटोनिन बहुतेक कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं. शरीरात तर इन्सुलिनही तयार होतं, म्हणून कुणी ते अंदाजाने टोचून घेत नाही.

सवयीबद्दल : झोपेच्या इतर काही गोळ्यांचं जसं व्यसन लागतं तसं मेलाटोनिनचं लागल्याचं दिसत नाही. शरीर स्वतःचं मेलाटोनिन बनवणं सोडून देतं असंही थोड्या काळाच्या वापरात आढळलेलं नाही. वर्षानुवर्षं मोठ्या डोसवर राहिल्यास काय होतं याचे चांगले अभ्यास मात्र फारच कमी आहेत, आणि मला ते पुरेसं कारण वाटतं. मनाची सवय लागते ती निराळी. गोळी नसेल तर आज झोप येणारच नाही, ही धास्तीच मग जागवते.

तुम्ही इतर काही घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्यांनी मेलाटोनिनची पातळी वाढते, फ्लुव्होक्सामिन या मानसिक आजारांवरच्या औषधाने तर कित्येक पट वाढते. फिट्सचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, दिवस गेलेले असणं किंवा तसा बेत असणं, यांपैकी काही असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नको.

सासूबाईंना ही गोळी देऊ नका. त्यांचा प्रश्न झोप उशिरा येण्याचा नाही, लवकर संपण्याचा आहे. आधी एवढं पाहा, त्या झोपतात कधी? साडेआठला पडणाऱ्या आणि दुपारी तासभर झोपणाऱ्या माणसाची सत्तरीतली झोप तीनला पुरी झालेली असू शकते. मग त्यांना संध्याकाळी उजेडात बसवणं, गप्पांत गुंतवणं आणि झोपेची वेळ थोडी पुढे नेणं हाच इलाज. लघवीला उठून मग झोप लागत नाही का, घोरतात का, घोरताना श्वास अडकतो का, पाय तळमळतात का, मन उदास असतं का, हेही विचारा. रक्तदाबाच्या गोळ्यांचं नाव बघणं इथे महत्त्वाचं आहे. बीटा-ब्लॉकर या रक्तदाबावरच्या गटातली काही औषधं शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी करतात, आणि अशा रुग्णांना २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्यावर झोप सुधारल्याचं २०१२ च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं. उलट निफेडिपिन हे रक्तदाबावरचं दुसरं औषध घेणाऱ्यांमध्ये मेलाटोनिनने रक्तदाब वाढल्याचंही नोंदलेलं आहे. एकाच आजाराच्या दोन गोळ्या, परिणाम दोन दिशांना. युरोपात ५५ वर्षांपुढच्यांसाठी २ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी २००७ पासून मान्य आहे, पण ती डॉक्टर ठरवतात, थोड्या काळासाठी. तुमच्या बाटलीशी तिची तुलना करू नका.

मुलाच्या बाबतीत माझं उत्तर ठाम आहे : गोड चघळगोळ्या घरात आणूच नका. अमेरिकेत २०१२ ते २०२१ या काळात मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या विषबाधा-केंद्रांकडच्या वार्षिक नोंदी सव्वाआठ हजारांवरून साडेबावन्न हजारांवर गेल्या. बहुतेक मुलांना काही झालं नाही, काहींना मात्र रुग्णालयात ठेवावं लागलं. २०२३ मध्ये तिथल्याच २५ प्रकारच्या चघळगोळ्या तपासल्या तर २२ मध्ये लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला, एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या काही मुलांना बालरोगतज्ज्ञ मेलाटोनिन देतात, ते देखरेखीखाली. नऊ वर्षांचा निरोगी मुलगा उशिरा झोपत असेल तर घरात रात्री कोणते दिवे चालू असतात आणि कोण जागं असतं ते आधी पाहा. तुमचे नऊनंतरचे दिवे मंद झाले की त्याचेही होतील. आणि तुमची बाटली आजच कुलपात ठेवा.

आजपासून दोन आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी टिपा : अंथरुणावर कधी गेलात, अंदाजे झोप कधी लागली, उठलात कधी, बाहेरच्या उजेडात किती वेळ होता. आठवड्यातून तीनहून अधिक रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ हे चाललं असेल, तर ती वही घेऊन झोपविकारतज्ज्ञांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जा आणि निद्रानाशाचा वर्तनोपचार, ज्याला सीबीटी-आय म्हणतात, तो मिळेल का ते विचारा. गोळ्यांची बाटलीही दाखवा, किती घेत होतात ते न लपवता सांगा. सासूबाईंना वेगळ्या दिवशी न्या, त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन.